लाडक्या बहिणींचं केवायसी कुठे अडकलं? ‘डिझाइन सिस्टीम’ म्हणजे काय आणि ती आपल्या रोजच्या कामाची का आहे

मालवणच्या मासळी बाजारात बांगडे घ्या नाहीतर सुरमई, पैसे द्यायची वेळ आली की मोबाइल बाहेर येतो. एक गिऱ्हाईक फोनपे उघडतं, दुसरं गुगल पे, तिसरं पेटीएम. तिन्ही अ‍ॅपचे रंग वेगळे, बटणं वेगळी, मध्ये मध्ये येणाऱ्या जाहिराती वेगळ्या. पण शेवटी पिन टाकायचा जो पडदा येतो तो नीट बघा. तिन्हीकडे तोच.

हा योगायोग नाही. तो पडदा त्या कंपन्यांनी बनवलेलाच नसतो. यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तो तुकडा तयार करून दिलाय आणि अ‍ॅपवाल्यांनी तो जसाच्या तसा बसवायचा असतो. मूळ कारण सुरक्षेचं आहे, तुमचा पिन अ‍ॅपवाल्यालाही दिसू नये. पण त्यातून दुसरा फायदा झाला. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि आज फारसं वाचता न येणारी माणसंसुद्धा तो पडदा बघताक्षणी ओळखतात. अ‍ॅप बदललं तरी हात अडखळत नाही.

एक तुकडा एकदा नीट विचार करून बनवायचा आणि मग सगळीकडे तोच वापरायचा. ही कल्पना एका पडद्यापुरती न ठेवता अख्ख्या अ‍ॅपला, वेबसाइटला किंवा सरकारच्या सगळ्या पोर्टलना लावली की तिला ‘डिझाइन सिस्टीम’ म्हणतात. नाव ऐकून वाटतं की हा बंगळुरू-पुण्यातल्या आयटीवाल्यांचा आपसातला विषय असेल. पण २०२५ च्या अखेरीस लाडकी बहीण योजनेच्या केवायसीत जे झालं ते बघितलं, तर हा विषय थेट महिन्याच्या १,५०० रुपयांपर्यंत येतो. तिथे जाऊच, आधी ही भानगड समजून घेऊ.

नेमकं असतं काय त्यात?

समजा, तारकर्ली-देवबागच्या होमस्टेंचं बुकिंग करणारं एक अ‍ॅप आहे. सुरुवातीला चार जण मिळून ते बनवतात, तेव्हा काही अडत नाही. शेजारी बसलेल्याला विचारलं की काम झालं. धंदा वाढतो. बुकिंगची एक टीम होते, पैशांची दुसरी, स्कूबाच्या तिकिटांची तिसरी, होमस्टे मालकांच्या अ‍ॅपची चौथी. आता प्रत्येक टीम आपापलं बटण काढते. एकीकडे ते हिरवं, दुसरीकडे निळं. एकीकडे ‘पुढे जा’, दुसरीकडे ‘सबमिट’, तिसरीकडे ‘जतन करा’. वापरणाऱ्याला वाटतं ही तीन वेगळी कामं आहेत. आणि कंपनी एकाच बटणाचे पैसे तीनदा मोजत असते.

डिझाइन सिस्टीम इथे शिरते. तिचा सगळ्यात खालचा थर म्हणजे नावं. कोणी ‘हा निळा घे’ म्हणत नाही, ‘मुख्य कामाचा रंग’ घे म्हणतो. अंतर, अक्षराचा आकार, कोपऱ्याची गोलाई, सगळ्याला अशी नावं दिलेली असतात. त्यांना ‘डिझाइन टोकन’ म्हणतात. सेल्सफोर्स या अमेरिकन कंपनीत हा शब्द रुळला. फायदा साधा आहे. उद्या उन्हात तो निळा दिसत नाही अशी तक्रार आली, तर एका जागी बदल करायचा, सगळीकडे तो आपोआप लागू होतो.

त्याच्या वर येतात तयार तुकडे, म्हणजे कंपोनंट. बटण हे सगळ्यात सोपं उदाहरण वाटतं, पण बटणाच्या किती अवस्था असतात बघा. साधं बटण, दाबलेलं बटण, अजून दाबता येत नाही असं फिकट बटण, आणि ‘थांबा, काम चालू आहे’ सांगणारं बटण. किनाऱ्यावर जिथे रेंज येते-जाते, तिथे ही शेवटची अवस्था फार महत्त्वाची. ती नसली की माणूस बटण पुन्हा पुन्हा दाबतो आणि एकाच खोलीची दोन बुकिंग होऊन बसतात. प्रत्येक टीमने याचा वेगळा विचार करायचा म्हटलं तर एखादी टीम विसरणारच. सिस्टीममधलं बटण उचललं की ती अवस्था सोबतच येते.

पण सगळ्यात मोलाचा थर त्याहून वरचा आहे आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. माणसाला एखादी गोष्ट विचारायची कशी, याच्या ठरलेल्या पद्धती. ब्रिटन सरकारचं उदाहरण यासाठी जगभर दिलं जातं. तिथे २०१२ मध्ये सरकारी सेवा आणि माहिती एकाच संकेतस्थळावर आणायला सुरुवात झाली आणि २०१८ मध्ये त्यांनी आपली डिझाइन सिस्टीम सगळ्यांसाठी खुली केली. त्यात जन्मतारीख विचारायला कॅलेंडर देऊ नका, दिवस-महिना-वर्ष असे तीन साधे चौकोन द्या, असं सांगितलंय. कारण सत्तर वर्षांच्या माणसाला कॅलेंडरमध्ये मागे मागे जात १९५० चं दशक गाठायला लावणं म्हणजे छळ आहे. पर्यायांपैकी एखादा आधीच निवडून ठेवू नका, असंही आहे. आणि अर्ज पाठवण्याआधी सगळी उत्तरं एका पानावर दाखवा, प्रत्येकासमोर ‘बदला’ असा दुवा द्या. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा, पुढे लागेल.

टीम ते वापरतात कसं?

आपल्या होमस्टेच्या अ‍ॅपवर ‘बुकिंग रद्द करा’ ही सोय आणायची ठरली असं धरू. डिझायनर कोऱ्या कागदापासून सुरुवात करत नाही. फिग्मासारख्या साधनात सिस्टीमची लायब्ररी उघडतो, त्यातली बटणं, खिडक्या, सूचना उचलून पडदा जुळवतो. प्रोग्रामर कोडमधून तेच तुकडे त्याच नावांनी उचलतो. दोघांचे वाद ‘इथे किती अंतर सोडायचं’ यावर होत नाहीत, ‘रद्द केल्यावर पैसे कधी परत मिळणार हे आधी सांगायचं की नंतर’ यावर होतात. वाद व्हायला हवेत तेही यावरच.

कधीतरी सिस्टीममध्ये नसलेलं काहीतरी लागतं. स्कूबाच्या टीमला, समजा, समुद्र खवळलेला आहे हे दाखवणारी पट्टी हवी असते. मग ती टीम सिस्टीम सांभाळणाऱ्यांकडे जाते. ही गरज एकाच टीमची आहे की उद्या बोटींच्या तिकिटांनाही लागेल, हे ते बघतात. सगळ्यांची असेल तर तुकडा सिस्टीममध्ये घेतात. नसेल तर ‘तुमच्यापुरतं करा’ म्हणतात. बाहेरून बघताना डिझाइन सिस्टीम म्हणजे सुंदर बटणांचा संग्रह वाटतो, पण आतलं निम्मं काम हे असं नाही म्हणण्याचं असतं. भारतात रेझरपेने ‘ब्लेड’ नावाची आपली सिस्टीम सगळ्यांना बघायला खुली ठेवलीय, झोमॅटोच्या सिस्टीमचं नाव ‘सुशी’ आहे. या कंपन्या यावर पूर्णवेळ माणसं बसवतात, ती हौस म्हणून नाही.

इथे एक गल्लत हमखास होते. डिझाइन सिस्टीम म्हणजे ब्रँडची नियमावली नव्हे. लोगो कुठे लावायचा, रंग कोणता, अक्षर कोणतं हे सांगणाऱ्या वह्या फार जुन्या आहेत. नासाची अशी प्रसिद्ध नियमावली १९७० च्या दशकातली आहे. नियमावली ‘असं करा’ म्हणते आणि पुढचं तुमच्यावर सोडते. सिस्टीम करून हातात देते, आणि ते चालतं की नाही हे बघायला माणूस ठेवते. आपल्या सरकारी पोर्टलचं दुखणं याच फरकात आहे.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी, दोघांच्या वेबसाइट सारख्या कशा?

सिंधुदुर्ग जिल्ह्याची अधिकृत वेबसाइट उघडा आणि दुसऱ्या खिडकीत रत्नागिरीची किंवा कोल्हापूरची. फोटो वेगळे, किल्ले वेगळे, बाकी सांगाडा एकच. जिल्ह्याची माहिती, विभाग, पर्यटन, दस्तऐवज, सूचना, सेवा सगळं साधारण ठरलेल्या जागी. अक्षर लहान-मोठं करायची सोय, अंधांसाठी पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनांची सोयही दोन्हीकडे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र म्हणजे एनआयसीने देशभरातल्या जिल्ह्यांसाठी बनवलेल्या एका व्यवस्थेवर या वेबसाइट चालतात. तिच्या नावातच ‘सुगम्य’ हा शब्द आहे. याचा फायदा खरा आहे. ओरोसला बसलेल्या छोट्या कर्मचारीवर्गाला वेबसाइट बनवायला कंत्राटदार शोधावा लागत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने याच्या पुढचं पाऊल टाकलं. सगळ्या सरकारी वेबसाइट एका कुटुंबातल्या वाटाव्यात म्हणून डिजिटल ब्रँड ओळखीची नियमावली आणली. रंगांचे ठरलेले संच, नोटो सॅन्स हे अक्षर, चिन्हं कशी असावीत, वगैरे. त्याच वर्षी राज्य सरकारच्या १०० दिवसांच्या कार्यक्रमातही कार्यालयांच्या वेबसाइट सुधारणं हा एक मुद्दा होता.

मग अडचण कुठे आहे? जिल्ह्याच्या वेबसाइटवर तुम्ही ‘सेवा’ दाबता आणि तिथून बाहेर पडता. दाखला हवा तर आपले सरकार. सातबारा हवा तर महसूलचं वेगळं पोर्टल. पिकाची नोंद करायची तर ई-पीक पाहणीचं अ‍ॅप. बोटीची नोंदणी करायची तर रियलक्राफ्ट. मच्छीमार म्हणून नाव नोंदवायचं तर सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय मत्स्य डिजिटल मंच. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, म्हणजे सवलतींचे आणखी अर्ज आलेच. दांडीच्या किंवा सर्जेकोटच्या एका घरात बोटही असते, चार कलमंही असतात आणि वरच्या मजल्यावर पर्यटकांच्या दोन खोल्याही. त्या एका घराला यातली निम्मी पोर्टल लागतात आणि प्रत्येकाची भाषा, क्रम, बटण नव्याने शिकावं लागतं.

म्हणजे एकसारखेपणा आला तो दाराच्या चौकटीला. माणूस जिथे खरा अडतो तो अर्ज मात्र ज्याचा त्याचा राहिला. म्हणूनच सेतू केंद्रावर गर्दी असते. फोन प्रत्येकाच्या खिशात आहे, पण अर्ज भरता येईल अशी खात्री वाटत नाही. त्या खात्रीसाठी लोक पैसे मोजतात.

एक विधान, ‘होय’ आणि ‘नाही’

आता लाडकी बहीण. सप्टेंबर २०२५ मध्ये या योजनेसाठी ई-केवायसी बंधनकारक झालं. आधी मुदत नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत होती, ती वाढवून ३१ डिसेंबर केली. अर्जात स्वतःचा आधार, त्यावर ओटीपी. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार, त्यावर दुसरा ओटीपी. मग दोन विधानं आणि त्यांना होय किंवा नाही.

पहिल्या विधानाचा अर्थ होता, घरातलं कोणी कायम सरकारी नोकरीत नाही आणि सरकारी निवृत्तिवेतन घेत नाही. दुसऱ्याचा अर्थ, कुटुंबातली एकच विवाहित आणि एकच अविवाहित महिला लाभ घेत आहे. म्हणजे एक विधान नकारार्थी, दुसरं होकारार्थी, आणि पात्र बाईने दोन्हीला ‘होय’ म्हणणं अपेक्षित.

आता हे आपल्या बोलण्याशी ताडून बघा. मालवणात कोणी विचारलं, “घरात सरकारी नोकरीत कोण नाय मा?” तर उत्तर येईल, “नाय.” प्रमाण मराठीतही तेच. नकारार्थी प्रश्नाला आपण ‘नाही’ म्हणून दुजोरा देतो. बाई खरं बोलली, पण संगणकाने तिचं ‘नाही’ विधान खोडून काढणारं धरलं. म्हणजे घरात सरकारी नोकर आहे. म्हणजे अपात्र.

डिसेंबरमध्ये केवायसीतली चूक एकदाच दुरुस्त करायची संधी द्यावी लागली. तरीही चुकीच्या पर्यायामुळे अनेकींचा हप्ता थांबला आणि जानेवारी २०२६ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करायला सांगितलं. पडद्यावरच्या एका वाक्याची दुरुस्ती शेवटी वाडीवाडीवर पायी जाऊन करायची वेळ आली.

दुसऱ्या ओटीपीचीही तीच कथा. नवरा किंवा वडील दोघेही हयात नसतील तर काय, याची सोय मुदतवाढीच्या वेळी आली. कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडे द्या, असं सांगितलं गेलं. आणि नवरा हयात असला तरी सिंधुदुर्गात तो शेजारी असेलच असं थोडंच आहे? चाकरमान्यांचा जिल्हा आहे हा. नवऱ्याच्या आधारला जोडलेला मोबाइल मुंबईत त्याच्या खिशात, नाहीतर खोल समुद्रात बोटीवर. ओटीपी काही मिनिटांचा.

डिझाइन सिस्टीम असती तर हे टळलं असतं का? आपोआप नाही. तयार बटणं घेऊनही चुकीचा प्रश्न विचारता येतो. पण चांगल्या सिस्टीममध्ये नकारार्थी विधानाला होय-नाही लावू नका, हे लिहिलेलं असतं. ‘ही व्यक्ती नाही’ किंवा ‘आत्ता उपलब्ध नाही’ हा रस्ता प्रत्येक अर्जात असतो. उत्तरं तपासायचं आणि बदलायचं पान अर्जाचाच भाग असतं, नंतर मुदत जाहीर करून जोडायची सवलत नसते. आणि हे नियम आलेले असतात ते आधीच्या एखाद्या अर्जावर लोक अडखळले म्हणून. आपल्याकडे प्रत्येक योजनेचं पोर्टल घाईत नव्याने उभं राहतं, त्यामुळे आधीच्या पोर्टलने जे शिकलं ते त्याच्याबरोबरच संपतं. माझ्या मते खरा तोटा हा आहे. रंग जुळत नाहीत, हा फार तर डोळ्यांचा त्रास.

आणि मराठी?

बहुतेक सिस्टीम इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनतात. मराठी नंतर ओतली जाते. इंग्रजी अक्षराच्या मापाने ओळीची उंची ठरवली की वरची वेलांटी किंवा खालचा उकार कापला जातो. ‘सबमिट’ बसतं तिथे ‘अर्ज सादर करा’ मावत नाही, मग बटणावर तीन टिंबं दिसतात. चौकोनात कोणी १२३ असे देवनागरी आकडे टाकले तर घ्यायचे की चूक दाखवायची, हे कुणी ठरवलेलंच नसतं.

अक्षरांचाही एक बारकावा आहे. मराठीचा ‘ल’ पाकळीचा, हिंदीचा दांडीचा. ‘श’चंही तसंच. राज्य सरकारने नोव्हेंबर २००९ मध्ये मराठी वर्णमालेचा शासन निर्णय काढला तेव्हा ही रूपं ठरवून दिली होती. नोटोसारख्या फाँटमध्ये मराठी रूपं आत असतात, पण हे पान मराठी आहे असं कोडमध्ये एका छोट्या खुणेने सांगावं लागतं. ती खूण विसरली की पान मराठी आणि ‘ल’ हिंदी. ही खूण प्रत्येक कंत्राटदाराने लक्षात ठेवायची की एकदा सिस्टीममध्ये बसवून टाकायची? उत्तर अवघड नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ हा फाँट देवनागरी आणि रोमन एकत्र विचारात घेऊन बनवलाय आणि फुकट मिळतो, म्हणजे मालमसाला आपल्याकडे नाही असंही नाही.

मग सगळं एकसारखंच करायचं का?

हा आक्षेप डिझायनर मंडळी हमखास घेतात, आणि त्यात तथ्य आहे. सगळी अ‍ॅप एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसायला लागली आहेत. शिवाय सिस्टीममध्येच चूक असेल तर ती एका पानावर राहत नाही, सगळ्या पानांवर जाते. आणि तिची देखभाल थांबली की दोन-तीन वर्षांत फिग्मात एक आणि अ‍ॅपमध्ये दुसरं अशी अवस्था होते. चार माणसांच्या टीमने तर स्वतःची सिस्टीम बनवायच्या भानगडीत पडूच नये. गुगलची २०१४ पासूनची ‘मटेरियल डिझाइन’ आहे, तिच्यावर काम भागतं.

पण मालवणच्या बंदरात उभ्या असलेल्या बोटी बघा. प्रत्येकीवर ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. कुठल्या राज्याची बोट हे दुरून कळावं म्हणून रंगसंगतीही ठरवून दिलेली असते. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यानंतर हे नियम कडक झाले. तरी एक बोट दुसरीसारखी दिसत नाही. नाव मालकाचं, देव मालकाचा, नाळेवरचं चित्र मालकाच्या आवडीचं. तटरक्षक दलाला वाचायचं असतं तेवढंच ठरवून दिलंय, बाकी मोकळं सोडलंय. सिस्टीम कुठे घट्ट असावी आणि कुठे सैल, याचा निकाल असाच लावावा लागतो.

सरकारसाठी तयार तुकड्यांचा संचही आता आहे. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान खात्याचा ‘यूएक्सफोरजी’ हा उपक्रम त्यासाठीच आहे. बटणं, अर्जाचे चौकोन, सूचना त्यात मिळतात. राज्यातलं कुठलंही खातं पुढच्या योजनेच्या कंत्राटात ‘हेच तुकडे वापरा, आणि मराठीतून दहा माणसांकडून अर्ज भरून घेतल्याशिवाय पोर्टल सुरू करू नका’ अशी एक ओळ घालू शकतं. ती दहा माणसं मात्र मंत्रालयातली नकोत. एखादी मासळी बाजारातली, एखादी देवगडच्या बागेतली, आणि एक तरी अशी, जिचा नवरा फोन घेऊन बोटीवर गेलाय.